मानवी चूक, पण कोणाची?

आमच्या दापोड्यात पूर्वी पावसाळ्यात नजर पोहोचेल तिथवर भाताची हिरवळ असे, असे घरची वडीलधारी माणसे सांगतात. मला कळू लागल्यापासून मी पाहते आहे ती गोदामे. कशेळी-काल्हेरपासून वळ, दापोडे, माणकोलीपर्यंत पत्र्यांची छपरे आणि त्यांच्यापुढे रांगेने उभ्या असलेल्या मालमोटारी. या मालमोटारींवर एक विद्यापीठ चालते. त्याला इमारत नाही, कुलगुरू नाही, आणि पदवीदान समारंभ तर नाहीच नाही. नवा पोरगा क्लीनर म्हणून येतो. पहिली काही वर्षे तो काचा पुसतो, चाकांखाली लाकडी ठोकळे लावतो आणि गाडी मागे येताना ‘आने दे, आने दे’ म्हणून ओरडतो. मग एके दिवशी उस्ताद त्याला रिकामी गाडी गोदामाच्या आवारात पुढे-मागे करू देतो. मग रात्री, वाहतूक नसताना, अंजूर फाट्यापर्यंत. मग भरलेली गाडी, पण सपाट रस्त्यावर, आणि उस्ताद शेजारी बसलेला. कसारा घाट सर्वांत शेवटी. आवारात गाडी फिरवणाऱ्या पोराच्या हाती दुसऱ्या दिवशी भरलेला कंटेनर देऊन त्याला कसाऱ्याला पाठवणारा उस्ताद मी पाहिलेला नाही. असा कोणी निघालाच आणि गाडी दरीत गेली, तर गावातली माणसे पोराला नव्हे, उस्तादाला शिव्या देतील.

आपल्या देशाच्या हवाई दलात लढाऊ विमानांचे वैमानिक कित्येक वर्षे जवळजवळ याच पद्धतीने तयार झाले, हे मला गेल्या वर्षी एका निबंधाची तयारी करताना कळले. आवारातून थेट घाटात! आणि विमान कोसळले की चौकशीच्या कागदावर अनेकदा दोन शब्द उमटत: ‘मानवी चूक’. त्या दोन शब्दांनी मला हा लेख लिहायला लावला आहे. विमानशास्त्र मला येत नाही. ‘आर्ट्सच्या मुलीला जेट विमानांचे काय पडले आहे?’ असे आमच्याच वर्गातल्या एका विद्वानाने विचारलेही. त्यावर माझे उत्तर एवढेच, की शब्दांचा अर्थ लावणे हाच आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचा धंदा आहे, आणि या दोन शब्दांचा अर्थ नीट लावला गेलेला नाही.

वैमानिक घडतो तो पायऱ्या-पायऱ्यांनी. आधी लहानसे, पंख्याचे विमान. त्यावर उडणे, वळणे, उतरणे शिकायचे. मग साधे जेट. मग थोडे अवघड, वेगवान जेट, ज्यावर लढाऊ विमानाच्या सवयी अंगी बाणवायच्या. आणि मग खरे लढाऊ विमान. आपल्याकडे दुसरी पायरी होती ‘किरण’ आणि शेवटची होती ‘मिग-२१’. मधली पायरी काही काळ ‘हंटर’ या जुन्या ब्रिटिश विमानाने सांभाळली. ती विमाने थकत गेली आणि मधे काही उरले नाही. तेजपूरला मिगवरच शिकवण्याचे खास केंद्र काढावे लागले. म्हणजे घाट शिकवण्याची शाळा घाटातच!

ही उडी किती मोठी होती ते समजून घेतले पाहिजे. किरणचा वेग जास्तीत जास्त ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास. मिग-२१ ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणारे. पण उंच आकाशातला वेग हा खरा धोका नव्हेच, धोका असतो तो जमिनीजवळ. मिगचे पंख त्रिकोणी आणि लहान. असे पंख आभाळ चिरत जायला उत्तम, पण वेग कमी केला की विमानाला पेलून धरण्याची त्यांची ताकद झपाट्याने ओसरते. म्हणून हे विमान धावपट्टीकडे येतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या वर ठेवावे लागे. किरण ज्या वेगाने टेकते त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने मिग टेके, आणि टेकल्यावर थांबवण्यासाठी मागे पॅराशूट उघडावे लागे. वेग जरा अधिक झाला तर धावपट्टी संपते, जरा कमी झाला तर विमान दगडासारखे खाली येते. या दोहोंतले अंतर ओळखण्याची सवय किरणवर लागणे शक्य नव्हते, कारण किरण मुळात भल्या स्वभावाचे विमान.

एक तपशील तर मला कादंबरीत शोभेल असा वाटला. मिग-२१ ची दोन आसनी आवृत्ती होती, तिच्यात शिष्य पुढे आणि गुरू मागे. पण मागच्या गुरूला पुढची धावपट्टीच दिसत नसे! म्हणून तिच्या नंतरच्या प्रकारात मागच्या आसनावर पाणबुडीत असतो तसा पेरिस्कोप बसवला होता. गुरूने आरशातून डोकावून पाहायचे आणि शिष्याला सावरायचे. याउलट हॉक या विमानात मागचे आसन मुद्दाम उंच बांधलेले आहे. गुरू शिष्याच्या डोक्यावरून सरळ समोर पाहतो. एक यंत्र लढण्यासाठी जन्मले आणि त्यात शिकवण्याची सोय मागाहून केली. दुसरे शिकवण्यासाठीच जन्मले. प्रशिक्षण-विमानाची निवड म्हणजे काय, हे कळायला याहून अधिक तांत्रिक ज्ञान लागत नाही, असे माझे मत आहे.

ही मधली पायरी हवी हे कोणाला कळत नव्हते, असे मुळीच नाही. १९८२ साली एअर मार्शल डेनिस ला फॉन्तेन यांच्या समितीने स्वच्छ शब्दांत सांगितले होते की, प्रगत जेट प्रशिक्षण-विमान घेतले पाहिजे. पुढे हेच ला फॉन्तेन हवाई दलाचे प्रमुख झाले आणि निवृत्तही झाले. विमान आले नाही. १९९७ साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली लढाऊ विमानांच्या अपघातांवर समिती बसली. तिनेही तेच सांगितले. विमान आले नाही. अखेर सप्टेंबर २००३ मध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ६६ हॉक विमानांना मान्यता दिली, मार्च २००४ मध्ये करार झाला, आणि २३ फेब्रुवारी २००८ रोजी बीदरच्या तळावर हॉक समारंभपूर्वक दाखल झाले. १९८२ ते २००८. सव्वीस वर्षे! पहिल्या शिफारशीच्या दिवशी जन्मलेले मूल तोवर स्वतः वैमानिक होऊन मिगवर गेलेले असू शकते.

मधल्या काळात काय चालले होते? निवड चालली होती. ब्रिटिश हॉक आणि फ्रान्स-जर्मनीचे अल्फा जेट यांची तुलना झाली, दर मागवले गेले, दर जास्त वाटले, पुन्हा बोलणी झाली. यादी टेबलावर पडून असतानाच अल्फा जेटचे उत्पादन बंद पडले. मग एकच विमान उरले, आणि एकाच विक्रेत्याकडून घेणे सरकारी नियमांना रुचेना. बोफोर्सनंतर तर परदेशी शस्त्रखरेदीच्या फाईलवर सही करायला कोणाचाही हात कचरत असे. चेक आणि रशियन विमाने स्पर्धेत आली. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले, तेव्हा ‘हॉकमध्ये अमेरिकन सुटे भाग किती?’ हा नवाच प्रश्न उभा राहिला. यातला प्रत्येक आक्षेप, एकेकटा घेतला तर, अगदी रास्त वाटतो. कोणी अधिकारी दुष्ट नव्हता. प्रत्येकाने आपापल्या टेबलावर काळजीच घेतली. आणि या सगळ्या काळज्यांची बेरीज सव्वीस वर्षे झाली!

गंमत अशी (गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही), की जे विमान आपण २००८ साली नवे म्हणून आणले, ते पहिल्यांदा उडाले होते १९७४ साली. सव्वीस वर्षे पारखून आपण चौतीस वर्षांपूर्वीचे विमान घेतले. ते चांगले आहे याबद्दल वाद नाही. पण ते १९८४ सालीही तितकेच चांगले होते.

आता तोवर काय झाले ते आकड्यांत. मे २०१२ मध्ये त्या वेळचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत माहिती दिली की, १९ एप्रिल २०१२ पर्यंत सर्व प्रकारच्या मिग विमानांचे ४८२ अपघात झाले होते आणि त्यांत १७१ वैमानिक व ३९ नागरिक मृत्यू पावले होते. १७१ हा आकडा मी आमच्या वर्गांच्या हजेरीपटावर मांडून पाहिला. आमचे तीनही वर्ष मिळून एवढेच विद्यार्थी नियमित हजर असतात.

परंतु आकड्यांना चेहरा नसतो. महाराष्ट्राला या प्रकरणाचा चेहरा दिला तो एका मराठी आईने. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये राजस्थानातील सुरतगडला मिग-२१ मधून रात्रीच्या उड्डाणावर असताना मरण पावला. दोष वैमानिकाचा, असे सांगण्यात आले. कविता गाडगीळ यांनी ते मान्य केले नाही. त्यांनी लिहिले, त्या बोलल्या, मिग विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी चव्हाट्यावर आणला आणि मुलाच्या नावाने हवाई सुरक्षिततेसाठी संस्था उभी केली. २००६ साली ‘रंग दे बसंती’ चित्रपट आला, तेव्हा पडद्यावरील त्या वैमानिकाच्या आईत अनेकांना त्याच दिसल्या. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अभिजित शिकाऊ नव्हता. केवळ हॉक असते तर तो वाचला असता, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि तसे म्हणणे त्या आईच्या दुःखाचा सोयीस्कर वापर करणे होईल. मला त्यांच्या लढ्यातला एकच मुद्दा घ्यायचा आहे. मेलेला माणूस साक्ष देऊ शकत नाही, म्हणून दोष त्याच्या नावावर टाकणे सोपे असते, हे त्यांनी सहन केले नाही.

तर ‘मानवी चूक’. या शब्दप्रयोगात मानव कोणता? व्याकरणाने पाहिले तर कोणताही. फाईल अडवणाराही मानव, दर जास्त म्हणून परत पाठवणाराही मानव, ‘पुढच्या अर्थसंकल्पात पाहू’ म्हणणाराही मानव. पण व्यवहारात हा शब्द नेहमी त्या एकाच माणसाला चिकटतो, जो विमानात बसलेला होता आणि जो वयाने या साखळीत सर्वांत लहान होता. चूक त्याच्या हातून झालीही असेल. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाच्या हातून चुका होणारच. प्रशिक्षण म्हणजे चुका करण्याची सुरक्षित जागा. ती जागा त्याला दिली नाही, आणि मग चूक झाली म्हणून बोट दाखवले. परीक्षेत न शिकवलेल्या भागावर प्रश्न आला तर आपण विद्यार्थी केवढा गोंधळ घालतो! प्राचार्यांच्या खोलीपर्यंत जातो. इथे तर पुनर्परीक्षाही नव्हती.

याला विरोधी बाजू आहे. आमच्या अर्थशास्त्राच्या सरांशी माझा या विषयावर बराच वाद झाला, आणि त्यांचे दोन मुद्दे मला मान्य करावे लागले. पहिला असा, की मिगच्या अपघातांना कारणे अनेक होती. यंत्राचे वय, इंजिनांतील बिघाड, पक्ष्यांची धडक, १९९१ नंतर सोव्हिएत संघ कोसळल्याने सुट्या भागांची झालेली आबाळ. सगळे खापर प्रशिक्षणावर फोडता येत नाही. हे खरे आहे. हॉक आल्यावरही मिग पडतच राहिले. दुसरा मुद्दा पैशाचा. ६६ हॉकसाठी सुमारे ८,००० कोटी रुपये. गरीब देशाने लढू न शकणाऱ्या विमानावर इतका खर्च करावा का? त्या पैशात लढाऊ विमाने आली नसती का?

या दुसऱ्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर आहे. लढाऊ विमान घेतले आणि ते चालवणारा घडवला नाही, तर आपण विमान घेतलेले नाही, अपघात उधारीवर घेतला आहे. मिग पडले की तेही काही फुकट पडत नसे. त्याची किंमत, वैमानिक घडवण्यावर झालेला खर्च, आणि ज्यांच्या शेतात किंवा घरावर ते पडले त्यांचे नुकसान, हे सगळे कोठल्या वहीत मांडले जाते? ते वेगवेगळ्या वह्यांत, वेगवेगळ्या वर्षी मांडले जाते, आणि हॉकची किंमत मात्र एका ओळीत, एका आकड्यात समोर येते. म्हणून ती जास्त दिसते. सरांनी यावर ‘मुद्दा विचार करण्यासारखा आहे’ एवढेच म्हटले. त्यांच्याकडून हे म्हणजे पहिला वर्गच!

पायरी असली की काय होते याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या तिघी आपल्या हवाई दलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. त्यांना मिगवर थेट बसवले नाही. त्या बीदरला हॉकवर शिकल्या. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये जामनगरला अवनी चतुर्वेदी यांनी एकटीने मिग-२१ उडवले. तेच विमान, तेच त्रिकोणी पंख, तोच वेग! बीदर आपल्या उदगीरपासून किती जवळ आहे हे मराठवाड्यातल्यांना सांगायला नको. भालकी, औराद, बसवकल्याण भागातल्या मराठी घरांवरून ही विमाने रोज घोंघावत जातात. तिथल्या शाळकरी पोरांनी ‘हॉक’ हा शब्द आपल्या आधी ऐकला असेल.

आता स्वदेशीचा प्रश्न. हा विषय निघाला की सभा दोन तट पडते. एक तट म्हणतो, सगळे बाहेरून घ्या, आपल्याला काही जमत नाही. दुसरा म्हणतो, परदेशी खिळाही नको. दोघांनाही मी एका माणसाची आठवण करून देईन. डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस जर्मनीत गॉटिंगेनला लुडविग प्रांट्ल या जगद्विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखाली डॉक्टरेट झाला आणि पुढे बंगलोरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यात आला. स्वतंत्र भारताने आराखडा करून बांधलेले ‘एचटी-२’ हे प्रशिक्षण-विमान त्यांचे. ते १९५१ साली उडाले. आणि ज्या किरणबद्दल मी वर लिहिले ते जेट विमानही त्यांच्याच हाताखाली आकाराला आले, १९६४ साली उडाले. म्हणजे शिकण्याच्या पहिल्या दोन्ही पायऱ्या एका मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली या देशात बांधल्या गेल्या होत्या. तेव्हा ‘आपल्याला जमत नाही’ हे चूक. (आपल्या पाठ्यपुस्तकांत घाटग्यांवर एक धडा असायला हरकत नव्हती.)

पण ‘आपलेच येईपर्यंत थांबू’ हेही तितकेच चूक. किरण म्हातारे झाले म्हणून त्याच्या जागी ‘सितारा’ बनवायला घेतले. ते ७ मार्च २००३ रोजी उडाले. त्यानंतर अडचण आली ती गिरकीची. विमान फार हळू झाले की ते कलते आणि भोवऱ्यासारखे फिरत खाली येऊ लागते. शिकाऊ मुलगा ही चूक एकदा तरी करणारच. म्हणून प्रशिक्षण-विमानाने मुद्दाम गिरकीत जायला हवे आणि त्यातून भल्या माणसासारखे बाहेरही यायला हवे. सितारा तिथेच अडले. २०११ मध्ये त्याचे एक विमान चाचणीत कोसळले, सुदैवाने वैमानिक वाचले. दुरुस्त्या झाल्या, चाचण्या पुन्हा सुरू झाल्या, २०२५ मध्ये त्याला ‘यशस’ हे नवे नावही मिळाले. पहिल्या उड्डाणाला वीस वर्षे उलटून गेली, आणि दरम्यान घाटग्यांच्या काळातले किरण मुलांना शिकवत राहिले. आजोबांनी नातवाला सायकल शिकवावी तसे! सितारावर काम करणाऱ्या अभियंत्यांना मी दोष देत नाही. गिरकीचे गणित भल्याभल्यांना चकवते, आणि त्यांनी ते पुरे न सोडवता विमान मुलांच्या हाती दिले नाही याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत. माझा आक्षेप इतकाच आहे, की वाट पाहायची तर हातात दुसरे काही धरून वाट पाहावी.

ते एकदा आपण केलेही आहे. जुलै २००९ मध्ये दोन वैमानिकांचा बळी घेणाऱ्या अपघातानंतर ‘दीपक’ हे पहिल्या पायरीचे विमान कायमचे जमिनीवर ठेवण्यात आले. पायरीच नाहीशी झाली. पण या वेळी सव्वीस वर्षे लागली नाहीत. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडच्या ७५ पिलाटस विमानांचा करार झाला आणि पुढच्याच वर्षी ती हैदराबादजवळच्या दुंडीगलला दाखल झाली. त्याच वेळी बंगलोरच्या कारखान्याने ‘एचटीटी-४०’ हे आपले विमान सोडून दिले नाही. ते २०१६ मध्ये उडाले, मार्च २०२३ मध्ये अशा ७० विमानांचा करार झाला, आणि त्याची दुसरी जोडणी-रांग १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरू झाली ती आपल्या ओझरला, नाशिकजवळ. साठ वर्षांपूर्वी, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री आणि नाशिकचे खासदार असताना, याच ओझरला मिगचा कारखाना आला. मिग जोडणाऱ्या त्या आवारात आता पहिल्या पायरीचे विमान जोडले जाणार आहे. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. परदेशी विमान हातात आणि स्वदेशी विमान चाचणीत, असे दोन्ही एकदम चालू शकते, याला यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

मग आता घाई कशाची? घाई हॉकच्या वारसाची. हॉक १९७४ चे. २०१० मध्ये आपण आणखी ५७ घेतले, त्यांतले १७ नौदलाला. हॉक आजही काम करीत आहेत, पण ज्या ब्रिटनने हॉक बनवले त्यानेच २०२५ च्या आपल्या संरक्षण आढाव्यात ते बदलण्याची शिफारस केली आहे. आपल्याकडे फेब्रुवारी २०२३ च्या बंगलोरच्या हवाई प्रदर्शनात ‘एचएलएफटी-४२’ या नियोजित विमानाची प्रतिकृती मांडली होती. तिच्या शेपटीवर मारुतीचे चित्र होते. ते असावे की नसावे यावर वर्तमानपत्रांत बरीच शाई सांडली. शेवटी चित्र उतरवले. विमान कोणत्या साली उडणार, यावर मात्र फारशी शाई सांडल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

दिरंगाई ही काही आपलीच मिरासदारी नव्हे, हेही सांगते. अमेरिकेचे ‘टी-३८’ हे प्रशिक्षण-जेट १९५९ साली उडाले, त्याच्या जागी नवे विमान घेण्याचा करार २०१८ साली झाला आणि त्याचेही वेळापत्रक मागे-मागे जात राहिले. पण श्रीमंताच्या आळसाचे उदाहरण गरिबाने देऊ नये.

निवड करताना एका मोहापासून मात्र सावध राहावे, असे मला वाटते. ‘शिकवायलाही आणि लढायलाही’ हा तो मोह. २०२१ च्या जानेवारीत हॉकच्या एका सुधारित प्रकारातून धावपट्टी उद्ध्वस्त करणारे अस्त्र सोडण्याची चाचणी झाली आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. अस्त्र यशस्वी झाले हे चांगलेच, मीही आनंदले. पण प्रशिक्षण-विमानावर जितकी अस्त्रे, जितकी रडारे चढवाल तितके ते जड, महाग आणि तुटपुंजे होते. उडण्याचा तास महागला की मुलाच्या वाट्याला तास कमी येतात. विद्यार्थ्याला हवे असतात तास. भरपूर, कंटाळा येईपर्यंत तास. तेव्हा विमान किती बॉम्ब नेते हे विचारण्यापूर्वी विचारावे, की एका महिन्यात ते किती दिवस उडण्याच्या स्थितीत असते, सुटे भाग कोठून येतात आणि कोण अडवू शकतो, गुरूला मागून नीट दिसते का, आणि चूक केली तर ते सावरायला किती क्षण देते. हे प्रश्न रुक्ष आहेत. त्यांवर टाळ्या पडत नाहीत. हॉकच्या व्यवहारात लाच दिली गेल्याच्या आरोपावरून मे २०२३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने इंजिन बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीविरुद्ध गुन्हा नोंदवला. खरे-खोटे न्यायालय ठरवील. माझी भीती अशी, की त्या बातमीच्या धाकाने पुन्हा कोणाचा तरी हात सहीपाशी थबकेल आणि त्याला प्रामाणिकपणा म्हटले जाईल.

आमच्या गावातली माझी एक मैत्रीण बारावीला विज्ञान शाखेत होती. गणित आणि भौतिकशास्त्र घेऊन ती उत्तीर्ण झाली आणि मग काही घरगुती कारणाने आमच्या कलाशाखेत आली. पदवी कोणतीही चालते, बारावीला हे दोन विषय हवेत, हे कळल्यावर तिने हवाई दलाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरला. अर्ज भरताना मी तिच्या घरी होते. तिची आई भाकऱ्या थापत होती. तिने तव्यावरून नजर न काढता मला विचारले, ‘ती मिग का काय ती, त्याच्यावर तर नाय ना बसवत पोरींना?’

मी सांगितले, ‘नाही काकी. मिग-२१ गेलं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला त्याचा निरोपसमारंभ झाला.’

‘मंग कशावर शिकवतात?’

मी क्रमाने सांगितले. आधी पिलाटस, पुढे हॉक.

‘ती नवीन हाय ना गाडी?’

हॉक पहिल्यांदा उडाले ते साल मी तिला सांगितले. काकींनी बोटांवर काहीतरी मोजले. ‘माझ्यापेक्षा मोठी हाय,’ त्या म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.